फागीने सांगितलेली तारीख

फागीला स्वतःची जन्मतारीख माहीत नाही. शिमग्याच्या महिन्यात जन्मली म्हणून फागी, एवढंच तिची आई सांगायची. शाळेत घालताना गुरुजींनी दाखल्यावर एक जून लिहून टाकली. करवंदपाड्यात तिच्या वयाची जेवढी माणसं आहेत त्या सगळ्यांची जन्मतारीख एक जूनच आहे. कुणी वाढदिवस करत नाही म्हणून बरं, नाहीतर ऐन पाणीटंचाईत अख्ख्या पाड्याला जेवायला घालायची पाळी आली असती.

हा पाडा सूर्यमाळच्या अंगाला आहे, डांबरी सडकेपासून पाऊण तास चालत. सत्तावीस घरं. बारा वर्षांपूर्वी आशाताई निवडायची वेळ आली तेव्हा आठवी पास झालेली बाई पाड्यात एकच होती, म्हणून फागीची निवड झाली. त्यात तिचं कौतुक असं काही नव्हतं. कौतुक पुढे तिने केलेल्या कामाचं.

फागी आशा व्हायच्या आधी पाड्यातली पोरं वरी कापताना जन्मत, नाहीतर नागली लावताना जन्मत, नाहीतर विहीर आटली त्या साली जन्मत. आईला एवढं पुरायचं. पण दीड महिना झाला की पहिली लस, मग अडीच महिन्यांची झाली की दुसरी, साडेतीनची झाली की तिसरी, मग नववा महिना भरला की गोवराची, हा हिशेब ‘वरी कापताना’वरून कसा करणार? फागीने घराघरात जाऊन दाराच्या आतल्या कुडावर चुन्याने तारखा लिहिल्या. वाचता कुणालाच येत नव्हतं, पण तारीख म्हणून काहीतरी असतं आणि ती पोरासोबत सांभाळायची असते, हे बायांना कळलं. सुई टोचली की रात्रभर पोर तापतं, रडतं, दुसऱ्या दिवशी आईची मजुरी बुडते, म्हणून बाया लसीच्या दिवशी रानात पळायच्या. फागी त्यांच्या मागे रानात जायची. शिव्या खायची, शिव्या द्यायचीही. वर त्या पोराच्या कपाळावर ओल्या फडक्याच्या पट्ट्या ठेवत स्वतः बसायची. पाच-सहा वर्षांत पळणाऱ्या बाया पळायच्या थांबल्या. करवंदपाड्यात तारखेच्या बाबतीत फागी सांगेल तेच खरं, असं होऊन बसलं.

इथवर गोष्ट चांगली आहे. इथेच थांबता आली असती तर मलाही बरं वाटलं असतं.

दर महिन्याला तालुक्याला आशांची मीटिंग असते. फागी पहाटे उठून चालत सडकेला यायची, जीप धरायची आणि बाकावर जाऊन बसायची. एका वर्षी तिच्या पाड्यात दोन बाळंतपणं घरी झाली. एक भर पावसात, ओढा गळ्याएवढा वाहत असताना. तालुक्याच्या आरोग्य अधिकाऱ्यांनी, म्हणजे साहेबांनी, फागीला उभं केलं. पन्नास बायांसमोर विचारलं, “दोन घरी झाली? तुम्ही काय करत होतात? झोपला होतात?” फागीने ओढ्याचं सांगायला तोंड उघडलं तर साहेब म्हणाले, “कारणं नकोत.” मग अर्धा तास ती तशीच उभी. बस म्हणायचं साहेब विसरले आणि आपणहून बसायची फागीची हिंमत झाली नाही. गोष्ट साधी आहे. पण ज्या बाईला पाड्यात सगळे मानतात, तिला ती कायमची लागली.

त्यानंतर फागीने कंबर कसली. आठवा महिना लागला की पोटुशी बाईच्या घरी रोज फेरी. कळा सुरू व्हायच्या आधीच तिला डोलीत घालून उपकेंद्रावर नेऊन बसवायची, बाई कितीही कुरकुरली तरी. दोन वर्षं पाड्यात घरी एकही बाळंतपण झालं नाही. मग फेब्रुवारीच्या दोन तारखेला मीटिंगमध्ये त्याच साहेबांनी तिला पुन्हा उभं केलं. या वेळी टाळ्या वाजवायला. फुलं दिली, कौतुकाचा कागद दिला, फोटो काढला. “यांच्याकडून शिका,” असं म्हणाले. फागी घरी यायला निघाली ती जीपमध्ये जागा नसतानाही हसत उभी राहिली.

ती पाड्यावर पोचली तेव्हा दुपार कलली होती. दारातच नवऱ्याने, लहान्याने सांगितलं, “वर्षा मोकळी झाली. पोरगा हाय.”

वर्षा म्हणजे लहान्याच्या पुतण्याची, मुकेशची बायको. माहेर दाभोशाचं. वयाने वीस-एकवीस, पहिलटकरीण. तिचे दिवस अजून आठ-दहा दिवसांनी भरत होते, असा फागीचाच अंदाज होता. आणि ज्या दिवशी फागी घरी बाळंतपण होऊ न दिल्याबद्दल टाळ्या घेत होती, त्याच दिवशी दुपारी तिच्या स्वतःच्या भावकीत, तिच्या घरापासून चाळीस पावलांवर, बाळंतपण घरी झालं होतं. म्हाताऱ्या सुईणीने केलं, आणि चांगलं केलं. फागीने झोपडीत जाऊन पोराला पाहिलं. ठणठणीत होता. तिला आनंद व्हायला हवा होता, पण तिला साहेबांसमोर उभं राहिल्याचा तो अर्धा तास आठवला. हातातली फुलं तिने बाहेरच ओट्याखाली ठेवली होती.

त्याच दिवशी उपकेंद्रावर कळवायला हवं होतं. फागीने कळवलं नाही. उद्या बघू, म्हणाली. दुसऱ्या दिवशीही तेच म्हणाली. शिवाय पाचवी पुजल्याशिवाय बाळंतीण दाराबाहेर पडत नाही, हे तर पाड्यात कुणाला सांगावं लागत नाही. एरवी फागी असल्या गोष्टी मोडून काढायची. या वेळी तिला ती पाचवी बरी वाटली.

पाचवी झाली आणि सहाव्या दिवशी वर्षाला ताप चढला. आता मात्र फागी जागची हलली. चार गड्यांनी डोली उचलली, ती पुढे पळत सुटली. आठ तारखेला दुपारी सगळे उपकेंद्रावर पोचले. तिथल्या सिस्टर महिनाभराने निवृत्त होणार होत्या. त्यांनी वर्षाला सलाइन लावलं, औषध दिलं आणि वही काढली.

“कधी झालं?”

फागीने डोलीवाल्या गड्यांकडे पाहिलं. ते बाहेर बिड्या ओढत होते.

“आजच लिवा ना सिस्टर,” ती म्हणाली. “हितंच झालं असं लिवा.”

सिस्टरांनी बाळाचं दुपटं सारलं. नाळ वाळून काळी पडली होती. त्यांनी ती पाहिली, मग फागीकडे पाहिलं. घरी झालेल्या बाळंतपणाचा जाब त्यांनाही द्यावा लागणार होता, आणि निवृत्तीला महिना राहिलेला. त्यांनी आठ तारीख लिहिली. कार्डावर, रजिस्टरमध्ये आणि नंतर मोबाईलमध्येही. वर्षा बरी झाली, पोर घरी आलं. त्याचं नाव दिपेश ठेवलं. फागीने दाराच्या आतल्या कुडावर चुन्याने लिहिलं, आठ फेब्रुवारी. सहा दिवसांनी कुणाचं काय बिघडतं, असंच तिला वाटलं. तुम्हा-आम्हालाही तसंच वाटलं असतं.

आणि खरंच काही बिघडलं नाही. दिपेशला सगळ्या सुया वेळच्या वेळी टोचल्या. उन्हाळ्यात तो पालथा पडायला लागला, पावसाळ्यात बसायला लागला. भातकापणीच्या सुमारास फागीला पाहिलं की तो दोन्ही हात वर करायचा. फागीची स्वतःची पोरं मोठी होऊन ठाण्याकडे कामाला गेलेली. जाता-येता ती दिपेशला कडेवर घ्यायची आणि वर्षाला म्हणायची, “दे मना, घेऊन जाते घरी.”

दिवाळी झाली की पाडा रिकामा होऊ लागतो. मुकादम येतो, नावं घेतो, ट्रक येतो, आणि जोडपी पोराबाळांसकट वीटभट्ट्यांवर जातात ती शिमग्यालाच परततात. त्या वर्षी मुकेशचा ट्रक सहा नोव्हेंबरला ठरला होता. लसीकरणाचा दिवस पहिला बुधवार, तो आला पाच तारखेला. फागीने घरोघर फिरून बजावलं की जायच्या आधी सगळ्यांनी पोरं घेऊन अंगणवाडीत यायचं. त्या वर्षी भट्ट्यांच्या बाजूला गोवराची पोरं सापडल्याचं मीटिंगमध्ये सांगितलेलं होतं. दिपेशचा नववा महिना भरला होता. दोन तारखेलाच भरला होता.

आता उपकेंद्रावर नव्या सिस्टर होत्या, हर्षदा नावाच्या. जव्हारची मुलगी, कंत्राटावर लागलेली, कामाला चोख. लसीचा डबा स्वतः खांद्याला लावून ती पाऊण तास चढून आली. घामाघूम झालेली, तरी आधी हात धुतले, मग बर्फ तपासला, मग पोरं घेतली. गोवराच्या लसीच्या भुकटीत एकदा पाणी मिसळलं की ती चार तासांत वापरावी लागते, उरलेली फेकून द्यायची. एका बाटलीत पाच पोरांची लस असते. त्या दिवशी तिने बाटली फोडली आणि दोन पोरांना टोचली. तिसरी वर्षा पुढे आली, कडेवर दिपेश.

हर्षदाने कार्ड पाहिलं, मग मोबाईल पाहिला.

“याला नाही देता येणार आज,” ती म्हणाली. “तीन दिवस कमी आहेत.”

“काय कमी?” वर्षाने विचारलं.

“नऊ महिने भरायला हवेत. याचे आठ तारखेला भरतात.”

“पण ते उद्या ट्रकवर जात्यात, सिस्टर,” फागी म्हणाली. “तीन दिसांनी काय व्हतं? टोचा ना.”

हर्षदाने मान हलवली. “ताई, माझी नोकरी कंत्राटी आहे. तारीख मी कशी बदलू? वयाच्या आधी दिलेली धरलीही जात नाही, मोबाईल घेत नाही ती.” मग ती थांबली. चोख मुलगी, पण दगड नव्हती. पोराला तिने हातात घेऊन वजन केलं, दात पाहिले. दोन खाली, दोन वर. तिने आवाज उतरवून विचारलं, “ताई, तारीख बरोबर आहे ना? काही मागेपुढे झालं असेल तर सांगा. मी देते लगेच. बाटली फोडलेलीच आहे.”

वर्षा पटकन म्हणाली, “ह्यो तं घरीच...”

फागीने तिचा हात दाबला. इतका घट्ट दाबला की वर्षाच्या बांगड्या मनगटात रुतल्या.

त्या एवढ्याशा वेळात फागीच्या डोक्यात काय काय येऊन गेलं. भिंतीवर लावलेला कागद. निवृत्त झालेल्या सिस्टरांची चौकशी. बाकावरून उठवलेली आपण, समोर पन्नास बाया, आणि साहेब विचारताहेत की यांच्याकडून शिका असं आम्ही सांगितलं ते खोटं होतं का? अंगणवाडीच्या दारात तेव्हा पाड्यातल्या आठ-दहा बायाही उभ्या होत्या. तारखेच्या बाबतीत फागी सांगेल तेच खरं मानणाऱ्या.

“बरोबर हाय,” फागी म्हणाली. “आठच.”

हर्षदाने कार्ड परत दिलं. कार्डाच्या मागे तिने ठळक अक्षरात लिहून दिलं की आठ तारखेनंतर जवळच्या सरकारी दवाखान्यात ही लस द्यावी. वर्षाला तीनतीनदा समजावलं. वर्षा ऐकत होती, पण बघत होती फागीकडे. फागीने दिपेशच्या गालाला हात लावला आणि म्हणाली, “तिकडं गेल्यावर पयलं ते काम करजो.” चार तास झाल्यावर हर्षदाने बाटली बंद डब्यात टाकली. तीन पोरांची लस तिच्यात तशीच होती.

भट्टीवर गेल्यावर पयलं काम कुणाला करता येतं? पहाटे तीनला चिखल तुडवायला लागायचं ते ऊन चढेपर्यंत. सुट्टी मागितली तर मुकादम म्हणायचा, पोर रडत तर नाही ना, मग दवाखाना कशाला? खरंच, दिपेश रडत नव्हता. तो विटांच्या रांगांमधून रांगत होता. सरकारी दवाखाना होता दोन रिक्षा बदलून, आणि त्या गावात कोण कुठली सिस्टर. भट्टीवर लस द्यायला कुणी आलं नाही. वर्षाने फोनवर दोनदा फागीला विचारलं, “काकी, आता चालंल का उशिरा दिल्ली तं?” फागी दोन्ही वेळा म्हणाली, “चालंल, पण जा.”

जानेवारीत भट्टीवर गोवर आला. आधी एका पोराला, मग चौघांना. दिपेशच्या अंगावर लाल पुरळ उठलं तेव्हा भट्टीवरच्या म्हाताऱ्या बायांनी सांगितलं, देवी आली, तिला औषध देत नाहीत, ती रागावते. त्यांनी लिंबाचा पाला आणून उशाला ठेवला. फागीला फोन आला तेव्हा चौथा दिवस होता. ती ओरडली, “देवी नाय ती! दवाखान्यात ने! आत्ता ने!” मुकेशने रिक्षा मिळवली. दवाखान्यात पोचेपर्यंत पोराच्या छातीचा भाता व्हायला लागला होता. दहा जानेवारीला सकाळी दिपेश गेला.

फागीला हे कळलं तेव्हा ती नागलीच्या भाकरी थापत होती. तिने तवा उतरवला आणि चुलीसमोरच बसून राहिली. लहान्याने विचारलं, “काय झालं?” तर म्हणाली, “मी मारला.” लहान्याला वाटलं, बाई दुःखाने काहीबाही बोलते आहे. त्याने तिला पाणी दिलं.

आठवड्याने चौकशी आली. एक डॉक्टर, एक सुपरवायझर आणि हर्षदा. त्यांनी कार्डाचा फोटो पाहिला, रजिस्टर पाहिलं, तारखा ताडून पाहिल्या. सगळं चोख होतं. पाच नोव्हेंबरला बाळाचं वय भरलं नव्हतं, सहाला कुटुंब गेलं. डॉक्टर म्हणाले, “आशाचा दोष नाही. सिस्टरचाही नाही. स्थलांतर.” त्यांनी तसं लिहिलं. शिवाय मृत्यू दुसऱ्या तालुक्यात झालेला, तो तिकडे धरला जाणार, म्हणजे इकडचा आकडा स्वच्छच. सुपरवायझरला सुटल्यासारखं वाटलं आणि त्याने चहा मागितला.

फॉर्मवर मृत्यूच्या वेळचं वय लिहायचं होतं. डॉक्टर म्हणाले, “अकरा महिने दोन दिवस.”

“अकरा महिने आठ दिवस,” फागी म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं.

“सहा दिवस जास्त जगला त्यो. दोन तारखेला झाला, घरी. आठ तारीख मी सांगितली.”

डॉक्टर म्हणाले, “ताई, तुम्ही आता दुःखात आहात.” सुपरवायझर म्हणाला, “आता मागचं उकरून काय उपयोग? पोर तर परत येत नाही. उगाच चार माणसांच्या नोकऱ्या जातील.” आणि फॉर्मवर कार्डाप्रमाणे अकरा महिने दोन दिवस लिहिलं. पोर मेल्यावरही त्याचे ते सहा दिवस कुणी त्याला परत दिले नाहीत. जे खोटं फागीने अकरा महिने झाकून ठेवलं होतं, ते तिने उघड्यावर मांडलं, आणि कुणालाच ते नको होतं. तिला उभं करायलासुद्धा कुणी तयार नव्हतं.

उतरणीला लागताना हर्षदा मागे राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज कोरडा होता. “मी विचारलं होतं ना ताई,” एवढंच म्हणाली आणि गेली.

शिमग्याला वर्षा आणि मुकेश घरी आले. पाड्यात ढोल वाजत होते. फागी वर्षाच्या झोपडीत गेली, मुकेशला बाहेर पाठवलं आणि सगळं सांगितलं. टाळ्यांचं, फुलांचं, तारखेचं, अंगणवाडीचं. वर्षा खाली बघत ऐकत होती.

“मना माहीत व्हतं,” ती शेवटी म्हणाली. “मी बोलत व्हते. तू हात दाबलास.”

“व्हय.”

“मंग मना वाटलं, तुला जास्त समजतं. मीच चुकत असन.”

फागीला वाटलं होतं वर्षा ओरडेल, अंगावर येईल, निदान रडेल तरी. वर्षाने तसं काही केलं नाही. उठली आणि चुलीतलं लाकूड पुढे सारलं. फागी आणखी थोडी बसली, मग घरी आली.

पुढच्या पावसाळ्यात वर्षाला दिवस गेल्याचं पाड्यात फागीला सगळ्यांत शेवटी कळलं. तेही विहिरीवर, दुसऱ्या बाईच्या तोंडून. वर्षाने नाव नोंदवायला फागीची वाट पाहिली नव्हती. एकटी दोन तास चालत उपकेंद्रावर गेली होती आणि हर्षदाकडे नोंदवून आली होती. आठवा महिना लागताच ती माहेरी दाभोशाला गेली, तिथून जव्हारच्या दवाखान्यात. मुलगी झाली. महिनाभराने ती परत आली. त्या साली मुकेश भट्टीवर एकटाच गेला.

पहिल्या बुधवारी अंगणवाडीत हर्षदाने डबा उघडला. फागी नेहमीप्रमाणे यादी घेऊन शेजारी बसली होती. बायांची रांग होती, वर्षा तिच्या मुलीला घेऊन रांगेत होती. तिची पाळी आली. हर्षदाने मोबाईलमध्ये नाव शोधलं आणि सवयीने फागीकडे वळून विचारलं, “ताई, हिची जन्मतारीख?”

“हिला नको इचारू,” वर्षा म्हणाली.

वर्षाने पदराच्या गाठीतून दवाखान्याचा कागद काढला, पण उघडला नाही. कागद मुठीत धरून तिने तारीख, महिना आणि साल तोंडपाठ सांगितलं. मग म्हणाली, “माजी पोर हाय. मी सांगन.”

फागीने मान खाली घातली आणि यादीत वर्षाने सांगितलेली तारीख लिहिली.